माहेरापासून सतराशे किलोमीटर : आमिश प्रेमकादंबरी समजून घेताना

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लँकॅस्टर काउंटीत राहणारी २१ वर्षांची एक मुलगी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत एका बसमध्ये चढते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बटणांऐवजी टाचण्यांनी जुळवलेला एकरंगी पोशाख, हातात एक बॅग आणि मावशीचे पत्र. ज्या तरुणाने वर्षभर रविवारी रात्री आपल्या घोडागाडीतून तिला घरी सोडले, त्याने नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याच मुलीशी लग्न केले आहे. या दोघांचे जमले आहे असे गावात कोणी कधी उघडपणे बोलले नव्हते, त्यामुळे आता तिचे सांत्वनही कोणाला उघडपणे करता येत नाही. बस तिला सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या फ्लोरिडात घेऊन जाते. तिथे मावशीच्या शेजारी ओहायो राज्यातून आलेला एक सुतार राहत असतो, आणि पुढच्या ३०० पानांत काय होणार याचा अंदाज वाचकाला पहिल्याच प्रकरणात येतो.

हे कथानक कोणत्याही एका पुस्तकातले नाही. आमिश या मोटारीऐवजी घोडागाडी वापरणाऱ्या ख्रिस्ती समाजावरच्या, ‘आमिश रोमान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन कादंबरीप्रकारात वारंवार येणारे धागे एकत्र करून मी ते इथे मांडले आहे. वरवर पाहता ही साधी प्रेमकथा आहे, परंतु ती वाचताना आपल्याकडचा वाचक ठिकठिकाणी अडखळतो. मुलगी सज्ञान आहे, मग लग्नाआधी बाप्तिस्मा घ्यावा की नाही यावरून तिची एवढी घालमेल का होते? दोघेही आमिश, दोघांची घरातली बोलीही एकच, तरीही मुलगा ओहायोचा आहे हे कळताच आईच्या कपाळाला आठ्या का पडतात? आणि मुळात प्रेमकथा सांगण्यासाठी लेखिकेने नायिकेला घरापासून इतक्या लांब का नेले? या शेवटच्या प्रश्नापाशीच या कादंबऱ्यांचे मर्म आहे, असे मला अनेक कादंबऱ्या वाचल्यानंतर वाटू लागले. आमिश माणूस दूरचा प्रवास करतो तेव्हा मैलांपेक्षा नियम अधिक बदलतात, आणि नियम बदलले की आजवर नैसर्गिक वाटणारी गोष्ट हा एक निर्णय होता हे लक्षात येते.

हे समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची चळवळ ऐन भरात असताना १५२५ मध्ये झुरिक शहरातील एका लहान गटाने असे मत मांडले की, तान्ह्या बाळाला दिलेल्या बाप्तिस्म्याला अर्थ नसतो. ज्याला आपण काय कबूल करत आहोत हे कळते, अशा माणसाने स्वतःच्या इच्छेने तो घेतला पाहिजे. या मतासाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनी या लोकांचा छळ केला, अनेकांना बुडवून वा जाळून मारले. त्यांच्याच वारसदारांपैकी याकोब आमान या धर्मोपदेशकाने १६९३ मध्ये मंडळीची, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या गटाची, शिस्त अधिक कडक असावी अशी भूमिका घेतली, आणि त्याच्या अनुयायांना आमिश हे नाव पडले. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपात मागे राहिलेली शेवटची आमिश मंडळी १९३७ मध्ये याच परंपरेतल्या मेनोनाइट पंथात विलीन झाली, त्यामुळे आज आमिश फक्त अमेरिका खंडांतच आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या जेमतेम काही हजार होती. २०२४ मध्ये ती ४ लाखांवर गेल्याचा अंदाज अभ्यासकांनी नोंदवला आहे. कुटुंबात सहा-सात मुले असणे सामान्य आहे आणि बहुसंख्य मुले मोठेपणी याच समाजात राहतात.

आता ‘घर’ म्हणजे काय ते पाहू. आमिश समाजाला पोप नाही, मध्यवर्ती कार्यालय नाही, सर्वांना बांधणारा एक लेखी कायदाही नाही. साधारण २० ते ४० कुटुंबांची एक मंडळी असते आणि तिची सीमा नकाशावर आखलेली असते. मंडळीला चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी किंवा कोठारात लाकडी बाके मांडून सुमारे तीन तासांची उपासना होते आणि मग सर्वजण एकत्र जेवतात. घोडागाडी तासाला १२-१५ किलोमीटर चालते. एका दिवसात जाऊन परत यायचे असेल तर २५-३० किलोमीटरच्या पलीकडे जाणे कठीण होते. जन्म, शाळा, उपासना, लग्न आणि दफन या सर्व गोष्टी घोड्याच्या दमाने आखलेल्या या वर्तुळात घडतात.

प्रत्येक मंडळीची स्वतःची नियमावली असते. तिला ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. ती बहुतांश अलिखित असते, वर्षातून दोनदा प्रभुभोजनाच्या आधी मंडळी तिला पुन्हा संमती देते, आणि टोपीच्या चुण्यांपासून शेतीच्या यंत्रापर्यंत अनेक गोष्टी तिच्यात ठरलेल्या असतात. लँकॅस्टरच्या घोडागाड्या राखाडी असतात, ओहायो आणि इंडियानातल्या बहुतेक काळ्या, तर पेन्सिल्व्हेनियाच्याच एका दरीत पिवळ्या आणि पांढऱ्या छताच्या गाड्या चालतात. लँकॅस्टरच्या स्त्रियांच्या टोपीचा मागचा भाग पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा असतो, मध्यपश्चिमेकडे तो चुणीदार असतो. लँकॅस्टरमध्ये सायकल चालत नाही, तिथे मुले आणि मोठी माणसेही पायाने ढकलायची स्कूटर वापरतात. इंडियानाच्या लाग्रेंज भागात मात्र सायकली सर्रास दिसतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारी अनेक मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना लँकॅस्टर दाखवायला नेतात, आणि राखाडी गाडी पाहून परतलेल्या पाहुण्याला सगळे आमिश असेच असतात असे वाटणे स्वाभाविक आहे. ओहायोच्या मुलाला पाहताच लँकॅस्टरच्या आईच्या कपाळाला पडलेली आठी या फरकांतून आलेली आहे. मुलगी त्याच्याबरोबर गेली तर ती आमिशच राहील, पण तिची टोपी बदलेल, गाडीचा रंग बदलेल, आणि लेकीच्या अंगावरचा प्रत्येक बदल आईला दर भेटीत दिसत राहील.

प्रेम कसे जुळते हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, आणि कादंबऱ्यांतही तोच अधिक विश्वासार्ह उतरतो. आमिश मुले आठवीपर्यंत शिकतात. १९७२ मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुढच्या सक्तीच्या शिक्षणातून धार्मिक स्वातंत्र्याच्या आधारे सूट दिली. मुलगी १४-१५ व्या वर्षी कामाला लागते आणि १६ व्या वर्षी ‘रुमश्प्रिंगा’ सुरू होते. या शब्दाचा अर्थ इकडेतिकडे फिरणे, हुंदडणे असा आहे. बाहेरच्या जगात या शब्दाभोवती दारू, मोटारी आणि बेबंद रात्रींच्या कथा रचल्या गेल्या आहेत. काही मुलांच्या बाबतीत त्या खऱ्याही असतात. परंतु बहुतेकांसाठी रुमश्प्रिंगा म्हणजे समवयस्कांच्या गटात जाणे, व्हॉलीबॉल खेळणे आणि रविवारी संध्याकाळी ‘सिंगिंग’ला हजर राहणे. लांब टेबलाच्या एका बाजूला मुलगे आणि दुसऱ्या बाजूला मुली बसतात, जर्मन भजने तुलनेने वेगवान चालींवर गातात, आणि कार्यक्रम संपल्यावर एखादा मुलगा एखाद्या मुलीला आपल्या गाडीतून घरी सोडतो. जोडीदाराची निवड मुलेमुलीच करतात; आईवडील स्थळे शोधत नाहीत.

निवड स्वतःची असली तरी तिची वाच्यता होत नाही. परंपरेने हे नाते गुप्त ठेवले जाते, अगदी घरातल्या धाकट्या भावंडांपासूनही. लँकॅस्टरमध्ये लग्ने पीक निघाल्यावर, मुख्यतः नोव्हेंबर महिन्यात मंगळवारी किंवा गुरुवारी होतात, आणि मंडळीत घोषणा लग्नाच्या काही आठवडे आधीच केली जाते. तोपर्यंत शेजाऱ्यांना अंदाज बांधावा लागतो, आणि त्याचे एक जुने साधन म्हणजे परसातला सेलरीचा वाफा. लग्नाच्या जेवणात सेलरी भरपूर लागते. ती शिजवून वाढतात आणि तिच्या दांड्या फुलदाणीसारख्या भांड्यांत उभ्या करून टेबलावर ठेवतात. त्यामुळे ज्या घरात उपवर मुलगी आहे आणि उन्हाळ्यात सेलरी नेहमीपेक्षा फार जास्त लावली आहे, त्या घरी शरद ऋतूत काय होणार हे आसपासच्या बायकांना न सांगता कळते. आमच्या कल्पित नायिकेच्या आईने तो वाफा लावला होता, आणि नोव्हेंबरमध्ये ती सेलरी दुसऱ्या कोणाच्या तरी मांडवात गेली. एका भाजीच्या वाफ्यातून एवढे दुःख सांगता येणे ही या कादंबऱ्यांची खरी ताकद आहे.

लग्नाची औपचारिक व्यवस्थाही समजून घ्यावी लागेल. मुलगा थेट मुलीच्या वडिलांकडे जात नाही. जुन्या प्रथेनुसार डीकन म्हणजे मंडळीचा सेवक मध्यस्थ होतो, अंधार पडल्यावर गुपचूप मुलीच्या घरी जातो आणि दोघांची आणि आईवडिलांची संमती विचारतो. या मध्यस्थाला ‘श्टेक्लीमान’ म्हणतात. वधू आणि वर वेगळ्या मंडळींतले असतील तर ‘त्सॉइग्निस’ लागते. हे पत्र म्हणजे, हा माणूस आमच्या मंडळीचा सदस्य आहे आणि त्याची वर्तणूक चांगली आहे, अशी त्याच्या धर्मसेवकांनी दिलेली ग्वाही. घरापासून दूर घडणाऱ्या कादंबरीत हे पत्र कथेची गाठ होऊ शकते. ओहायोचा सुतार हवाहवासा आहे, कष्टाळू आहे, पण त्याचे पत्र येत का नाही? त्याने मागे काय सोडले आहे? अनोळखी मुलखात माणसाची ओळख पटवणारे दुसरे काही आमिश व्यवस्थेत नाही. घराण्याची चौकशी करायला तिथे मामा-काका नसतात.

या सर्वांच्या आधी बाप्तिस्मा येतो. दोघांनीही बाप्तिस्मा घेतल्याशिवाय मंडळी त्यांचे लग्न लावत नाही. तो साधारण १८ ते २२ या वयात, धर्मविश्वासाची शिकवण पूर्ण करून, गुडघे टेकून, सर्वांसमक्ष घेतला जातो आणि त्यात आयुष्यभर ऑर्डनुंग पाळण्याचे वचन असते. इथेच ‘माइडुंग’चा प्रश्न उद्भवतो. मराठीत त्याला ‘वाळीत टाकणे’ हा शब्द जवळचा आहे, परंतु तो जपून वापरला पाहिजे. आपल्याकडे जातपंचायती एखाद्याला आंतरजातीय विवाहासारख्या कारणांवरून वाळीत टाकत आल्या, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. आमिश बहिष्कार फक्त अशा व्यक्तीवर येतो, जिने सज्ञानपणी बाप्तिस्म्याचे वचन दिले आणि मग ते मोडले. बाप्तिस्मा न घेता कोणी समाज सोडला तर घरचे दुःखी होतात, पण नियमाने त्याला बहिष्कृत करत नाहीत. बहिष्कृताशी बोलणे सहसा थांबत नाही. मात्र त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवणे, त्याच्या हातून वस्तू वा पैसे घेणे टाळले जाते, आणि त्याने पश्चात्ताप व्यक्त केला की मंडळी त्याला परत घेते. आईच्या हातचे जेवण शेजारच्या वेगळ्या टेबलावर बसून खावे लागणे ही शिक्षा सौम्य आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. अनेक कादंबऱ्यांत मात्र बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलीलाही गाव तोंड दाखवू देत नाही असे रंगवले जाते, आणि ते चुकीचे आहे. नायिका बाप्तिस्म्यापुढे का थबकते याचे उत्तरही यातच आहे. ते वचन दिल्यावर परतीची वाट राहते, पण तिची किंमत बदलते.

आता आपण फ्लोरिडात जाऊ. सारासोटा शहरात पाइनक्राफ्ट नावाची छोटी वस्ती आहे. १९२० च्या दशकात काही आमिश आणि मेनोनाइट शेतकरी तिथे सेलरीची शेती करायला आले. शेती फार काळ मुख्य राहिली नाही, परंतु उबदार हिवाळा राहिला. आज दर हिवाळ्यात ओहायो, इंडियाना आणि पेन्सिल्व्हेनियातून हजारो आमिश बसने तिथे येतात. आमिश लोक मोटार स्वतः बाळगत नाहीत आणि सहसा विमानाने जात नाहीत, परंतु बस, रेल्वे किंवा भाड्याने ठरवलेल्या चालकाची मोटार त्यांना चालते. बस येण्याची वेळ झाली की वस्तीतले लोक कोण उतरले ते पाहायला गोळा होतात, अगदी जत्रेला आलेल्या पाहुण्यांना उतरून घ्यावे तसे.

पाइनक्राफ्टमध्ये घोडे नाहीत. शहराच्या मध्यात घोडे ठेवणे शक्य नाही, म्हणून लोक मोठ्या माणसांच्या तीनचाकी सायकली वापरतात. घरांना वीज आहे, कारण ती मुळातच वीज असलेली शहरी घरे आहेत, आणि सुट्टीपुरते ते खपवून घेतले जाते. लँकॅस्टरच्या ज्या मुलीने जन्मात पेडल मारलेले नाही, ती मावशीच्या तीनचाकीवर बसते तेव्हा तिच्या पायांना ते ओळखीचे नसते, आणि घरात बटण दाबून दिवा लावताना तिचा हात क्षणभर थांबतो. मला वाटते, चांगली लेखिका या क्षणाला प्रेमाच्या कबुलीइतकीच जागा देईल. कारण मावशी तीच आहे, प्रार्थना तीच आहे, तरी कालपर्यंत जे निषिद्ध होते ते आज चालते; मग निषिद्ध असण्याचा अर्थ काय होता?

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाइनक्राफ्टच्या उद्यानात संध्याकाळी शफलबोर्ड हा काठीने चकत्या ढकलण्याचा खेळ खेळायला वेगवेगळ्या वसाहतींचे आमिश एकत्र येतात. एरवी लँकॅस्टरच्या मुलीला भिन्न ऑर्डनुंगची माणसे अशी रोजच्या जगण्यात भेटत नाहीत. इथे तिला तीन प्रकारच्या टोप्या, चार प्रकारचे गॅलिस (पुरुषांच्या पँटचे खांद्यावरून घ्यायचे पट्टे) आणि आपल्यापेक्षा वेगळ्या हेलात बोलली जाणारी पेन्सिल्व्हेनिया डच ही आमिशांची जर्मन बोली एकाच बाकावर भेटते. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये: मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी बोलणारी माणसे परमुलखात एकत्र आली की आधी एकमेकांच्या बोलण्यावर हसतात आणि मग जवळ येतात. फरक इतकाच की आमिश मुलीला जवळ येण्याची किंमत ऑर्डनुंगच्या बदलात मोजावी लागते.

दूरचे दुसरे ठिकाण म्हणजे पश्चिमेकडची नवी वस्ती. मोंटाना राज्यात कॅनडाच्या सीमेलगत रेक्सफर्डजवळ वेस्ट कूटनाय नावाची आमिश वस्ती १९७० च्या दशकात सुरू झाली. तिथे शेतीपेक्षा लाकूडकाम चालते. ओंडक्यांची घरे आणि फर्निचर तयार होते, आणि पूर्वेकडचे अविवाहित तरुण डोंगरातली शिकार आणि मोकळेपणा यांच्या ओढीने काही महिने येऊन राहतात. अशा वस्त्या निर्माण होण्याचे कारण कादंबरीत अनेकदा स्वप्नाळूपणे सांगितले जाते, प्रत्यक्षात ते बहुधा जमिनीचे असते. लँकॅस्टरमध्ये जमीन इतकी महाग झाली आहे की सात मुलांपैकी प्रत्येकाला शेत देणे वडिलांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून कुटुंबे इतर राज्यांत जातात, आणि ज्यांनी जायचे नाही असे ठरवले ते सुतारकाम, बांधकाम आणि दुकानदारी करतात. अनेक जुन्या वसाहतींत पूर्णवेळ शेती करणारे पुरुष आता अल्पसंख्य आहेत. मुखपृष्ठावरचे गव्हाचे शेत आणि त्यात उभी असलेली मुलगी पाहताना हे लक्षात ठेवलेले बरे.

नव्या वस्तीत एक अडचण हमखास येते. तिथे दहा-बारा कुटुंबे असतात, त्यांतली बरीच एकमेकांची नातेवाईक, आणि आमिश समाजात सख्ख्या चुलत, मावस, आते, मामे भावंडांचे लग्न निषिद्ध आहे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. आमिश मुलाला तो मार्ग नाही. त्यामुळे तरुणांना जोडीदारासाठी बाहेर जावेच लागते, आणि परक्या वस्तीत हिवाळा काढायला, मावशीच्या बाळंतपणाला किंवा शाळेत शिकवायला गेलेली मुलगी तिथेच लग्न करून राहते हे प्रत्यक्षातही घडते. या बाहेर जाण्याचे वैद्यकीय महत्त्वही आहे. लँकॅस्टरचे आमिश थोड्या मूळ कुटुंबांचे वंशज असल्याने काही दुर्मीळ आनुवंशिक आजार त्यांच्यात अधिक आढळतात, आणि अशा मुलांसाठी १९८९ मध्ये त्याच काउंटीत ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ ही खास संस्था स्थापन झाली.

घर आणि दूरदेश यांना जोडते ते पत्र. फोन असलाच तर शेताच्या कडेला, शेजाऱ्यांत सामाईक असलेल्या लाकडी खोपटात असतो, म्हणून मनातले बोलणे कागदावर होते. याशिवाय ओहायोच्या शुगरक्रीक गावातून १८९० पासून निघणारे ‘द बजेट’ हे साप्ताहिक आहे. त्यात प्रत्येक वस्तीचा बातमीदार पत्र लिहितो: पाऊस किती पडला, कोणाला मूल झाले, कोण कोणाकडे पाहुणे आले, कोण फ्लोरिडाला गेले. नायिका गुपचूप घर सोडते आणि पंधरा दिवसांनी तिचे जाणे शेकडो वस्त्यांत एका ओळीत वाचले जाते, ही शक्यता लेखिकेला आयती मिळते.

आता या कादंबऱ्या कोण लिहिते आणि कोण वाचते याकडे वळू, कारण त्याशिवाय त्यांतल्या श्रद्धेचा सूर कळणार नाही. आमिश जीवनावरच्या प्रेमकथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लिहिल्या गेल्या, पण आजच्या लाटेचा आरंभ १९९७ मध्ये आलेल्या बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’पासून मानला जातो. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. या विषयावर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिणाऱ्या व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांच्या गणनेनुसार २०१२ या एका वर्षात ८५ आमिश प्रेमकादंबऱ्या प्रकाशित झाल्या, म्हणजे साधारण दर चार दिवसांना एक. बहुतेक लेखिका आमिश नाहीत; त्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती परंपरेतल्या आहेत, प्रकाशकही प्रामुख्याने त्याच परंपरेचे आहेत आणि वाचकवर्गही मोठ्या प्रमाणात त्याच परंपरेतल्या स्त्रियांचा आहे. त्यांना शारीर वर्णने नसलेली, शिवराळ भाषा नसलेली, श्रद्धेला गांभीर्याने घेणारी प्रेमकथा हवी असते. ही अपेक्षा मला गैर वाटत नाही.

परंतु यातून एक सूक्ष्म विसंगती तयार होते. इव्हँजेलिकल श्रद्धेत ‘माझा उद्धार झाला आहे’ असे माणूस खात्रीने आणि आनंदाने सांगतो. पारंपरिक आमिश माणसाला अशी खात्री बोलून दाखवणे गर्विष्ठपणाचे वाटते. तो ‘जिवंत आशा’ बाळगतो आणि निवाडा देवावर सोडतो. त्याच्या श्रद्धेचा गाभा ‘गेलासनहाइट’ या जर्मन शब्दात आहे. स्वतःचा हेका सोडणे, मंडळीपुढे आणि देवापुढे नमणे, निमूटपणे स्वीकारणे, असा त्याचा अर्थ आहे. शरणागती हा आपला शब्द त्याच्या जवळ जातो. आता कल्पना करा की नायिका समुद्रकिनाऱ्यावर एकटी बसून देवाशी मनमोकळे बोलते, तिला स्वतःसाठी उत्तर मिळते आणि त्या उत्तराच्या बळावर ती निर्णय घेते. हा प्रसंग वाचकाला भिडतो, पण त्यातली प्रार्थना लेखिकेच्या चर्चमधली आहे, नायिकेच्या कोठारातली नाही. घरापासून दूरची पार्श्वभूमी निवडली की हे करणे सोपे जाते, कारण तिथे मंडळी पाठीशी नसते आणि माणूस एकटा पडतो. या कादंबऱ्यांविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. अंतराचा उपयोग नायिकेला तिच्या समाजापासून सोडवून व्यक्ती म्हणून उभे करण्यासाठी होतो, आणि ज्या समाजाच्या नावावर पुस्तक विकले जाते त्याचा मूळ विचारच त्यात नाहीसा होतो.

याला अपवाद आहेत. लिंडा बायलर या स्वतः आमिश आहेत आणि त्यांच्या ‘सेडीज मोंटाना’ या मालिकेत ओहायोहून मोंटानात गेलेल्या आमिश कुटुंबातील मुलीची कथा आहे. आतल्या माणसाने लिहिलेल्या अशा कादंबरीत नियमांचे स्पष्टीकरण कमी आणि कामाचे, स्वयंपाकाचे, चिडचिडीचे तपशील अधिक असतात, आणि माझ्या मते समाज त्यांतूनच अधिक दिसतो. आमिश स्त्रियांपैकी काहीजणी बाहेरच्यांनी लिहिलेल्या प्रेमकथाही वाचतात, काहीजणींना त्या मुळीच आवडत नाहीत.

कादंबऱ्या ज्याबद्दल गप्प राहतात त्याचीही नोंद केली पाहिजे. आमिश समाजात घटस्फोटाला मान्यता नाही, धर्मसेवक केवळ पुरुषच होतात, आणि क्षमा करण्याचे कर्तव्य फार मोठे मानले जाते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घरात अन्याय सोसणाऱ्या स्त्रीला दाद मागणे किती अवघड होत असेल हे वेगळे सांगायला नको. अशा प्रकरणांवर अमेरिकेत पत्रकारांनी लिहिले आहे आणि समाजाबाहेर पडलेल्या स्त्रियाही बोलल्या आहेत. प्रेमकादंबरी लग्नापाशी संपते, त्यामुळे तिला पुढचे पाहावे लागत नाही.

आपल्या नायिकेचे लग्न कुठे होईल? परंपरेने लग्न वधूच्या माहेरी होते, म्हणून कथा कितीही दूर गेली तरी तिला शेवटी लँकॅस्टरला परतावे लागते. तीन-चारशे पाहुणे येतात, अंगठी नसते, वाद्ये नसतात, ‘आउसबुंड’ या सोळाव्या शतकातल्या भजनसंग्रहातली पदे संथ लयीत गायली जातात, आणि कोंबडी व पावाच्या सारणाचे जेवण होते. सेलरी अर्थातच असते. नवे जोडपे पुढचे काही आठवडे नातेवाइकांच्या घरी मुक्काम करत भेटी घेते, हिवाळाभर वधूच्या माहेरी राहते आणि वसंतात स्वतःचे घर मांडते.

त्या दिवशी वधूने पोशाखावर पांढरा केप आणि पांढरा एप्रन घातलेला असतो. लग्नानंतर तो धुऊन, घडी करून पेटीत ठेवतात आणि पुन्हा वापरत नाहीत. ती वारली की तोच तिच्या अंगावर घालतात. वसंतात सुताराबरोबर ओहायोला निघताना ती नवी चुणीदार टोपी शिवून घेईल, काळ्या गाडीत बसायला शिकेल, कदाचित सायकलही चालवेल, आणि लँकॅस्टरच्या पद्धतीने शिवलेला तो एप्रन सामानाच्या तळाशी तिच्याबरोबर जाईल.